नवरा परगावी, साप घराखाली: सेटलर कथांमधली खंबीर बायको नेमकं काय सांभाळत असते?

२०२५ च्या जानेवारीत नेटफ्लिक्सनं 'लिटल हाउस ऑन द प्रेअरी' या पुस्तकावर नवी मालिका करत असल्याचं जाहीर केलं आणि अमेरिकेत एक जुना वाद पुन्हा पेटला. १९७४ ते १९८३ अशी नऊ वर्षं चाललेल्या आधीच्या मालिकेवर वाढलेले प्रेक्षक म्हणाले, आमच्या आठवणींना हात लावू नका. दुसरी बाजू म्हणाली, ते छोटं घर ओसेज या मूळनिवासी लोकांच्या जमिनीवर उभं होतं, आता तरी ते नीट दाखवा. लांबून बघणारा गोंधळतो. लाकडी घर, दोन वेण्या घातलेल्या मुली, रात्री फिडल वाजवणारा बाप आणि कशानंही न खचणारी आई. यात भांडण्यासारखं आहे काय?

भांडणाचं मूळ त्या आईतच आहे. परक्या मुलुखात, नवरा घरी नसताना, पोरंबाळं आणि चूल सांभाळणारी बायको वसाहतींच्या साहित्यात वारंवार भेटते. एम.ए.ला इंग्रजी घेतलेल्यांना ती ऑस्ट्रेलियाच्या हेन्री लॉसनच्या 'द ड्रोव्हर्स वाइफ' या कथेत भेटते. 'कणखर स्त्रीचं प्रभावी चित्रण' एवढं लिहिलं की परीक्षेत मार्क मिळतात. पण तेवढ्यावर थांबलं तर निम्मी कथा वाचायची राहते.

आधी एक फरक: राज्य करायला येणं आणि राहायला येणं

इंग्रज भारतात आले ते व्यापार करायला, मग महसूल गोळा करायला. कलेक्टर, सोल्जर, मळेवाले, मिशनरी सगळे धरले तरी इथल्या लोकसंख्येत ते मूठभर होते. मुलं शिकायला विलायतेला पाठवायची आणि पेन्शन घेऊन आपणही तिकडेच परतायचं, असा साधारण रिवाज होता. त्यांना इथली माणसं हवी होती, कारण शेतसारा भरणार कोण आणि कापूस पिकवणार कोण?

ऑस्ट्रेलिया, कॅनडा, न्यूझीलंड आणि अमेरिकेत गोरे लोक गेले ते कायमचे राहायला. त्यांना जमीन हवी होती, आणि तिच्यावर आधीपासून राहणारी माणसं अडचणीची होती. याला 'सेटलर वसाहतवाद' म्हणतात. सेटलर म्हणजे परत न जाण्यासाठी आलेला वसाहतकार. या विषयाचे ऑस्ट्रेलियन अभ्यासक पॅट्रिक वुल्फ यांचं म्हणणं असं, की असं आक्रमण एकदा घडून संपत नाही. ती एक कायमची व्यवस्था होऊन बसते आणि रोजच्या व्यवहारातून चालू राहते.

आता रोजचा व्यवहार म्हणजे काय? बंदूक रोज चालत नाही. रोज चालतं ते घर: पाणी भरणं, गाय पिळणं, पाव भाजणं, पोरांना झोपवणं. सेटलर कथेत बाई मध्यभागी येते ती इथून.

दोन्ही वसाहतवादांतला फरक बघायचा तर बायकांसाठी निघालेली दोन मार्गदर्शक पुस्तकं शेजारी ठेवावीत. कॅनडात कॅथरिन पार ट्रेल यांचं १८५४-५५ चं पुस्तक स्थलांतर करून आलेल्या बाईला हॉप्सच्या फुलांपासून पावाचं यीस्ट घरी कसं करायचं, मेपलच्या रसाची साखर कशी करायची, साबण आणि मेणबत्त्या कशा बनवायच्या, हे शिकवतं. भारतात फ्लोरा अॅनी स्टील आणि ग्रेस गार्डिनर यांचं १८८८ चं पुस्तक मेमसाहेबांना नोकरचाकरांकडून कामं कशी करून घ्यायची, ते शिकवतं. आपल्या मनात गोऱ्या बाईचं चित्र आहे ते या मेमसाहेबाचं. त्यामुळे स्वतः हात काळे करणारी सेटलर बायको आपल्याला लगेच आपलीशी वाटते, आणि तिच्या हातून आणखी काय होतंय ते नजरेतून निसटतं.

बायको इतकी का लागते?

उत्तर जमिनीच्या कायद्यांत आहे.

ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्समध्ये १८६१ चे रॉबर्टसन जमीन कायदे आले. सामान्य माणसानं ४० ते ३२० एकर सरकारी जमीन निवडायची, एकरी १ पौंड भाव, त्यातला चौथा हिस्सा आधी भरायचा. अट अशी की जमिनीवर राहायचं आणि तिच्यात सुधारणा करायच्या. पुढच्याच वर्षी अमेरिकेचा होमस्टेड कायदा आला: १६० एकर जवळजवळ फुकट, पण ५ वर्षं तिथं राहून जमीन कसून दाखवायची. सलग ६ महिन्यांहून जास्त काळ जागा सोडली तर हक्क गेला. कॅनडाचा १८७२ चा कायदाही असाच: १० डॉलर फी, १६० एकर, ३ वर्षं वास्तव्य.

कागदावर छान दिसतं. अडचण पुढे होती. कोरड्या मुलखात एवढ्याशा तुकड्यावर पोट भरत नाही. ऑस्ट्रेलियाच्या आतल्या भागात एका मेंढीलाच कितीतरी एकर चराई लागते. दोन वर्षं पाऊस हुकला की हप्ता थकतो. रोख पैसा मिळवायचा तर पुरुषानं बाहेर पडायचं: लोकर कातरायला, कुंपणं घालायला, खाणीवर किंवा ड्रोव्हिंगला. ड्रोव्हर म्हणजे दुसऱ्याच्या मालकीची जनावरं शेकडो मैल हाकत नेणारा रोजंदार. मेंढरांचा कळप दिवसाला साधारण ६ मैल सरकतो. ६०० मैलांची खेप असेल तर जातानाच शंभर दिवस मोडतात. नवरा सहा-सहा महिने घरी नसतो, याला नेहमी त्याचा बेफिकीर स्वभाव कारणीभूत नसतो. कधीकधी असतोही, आणि लॉसननं तसं हळूच सुचवलं आहे.

म्हणजे जमीन हवी तर तिथं राहायला हवं, आणि जगायचं तर तिथून निघायला हवं. ही गाठ सुटते ती एकाच उपायानं: बायको-पोरांना जागेवर ठेवायचं. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून सीट धरतात ना, तसं घरातल्या बाईनं त्या कुटुंबासाठी जागा धरून ठेवायची. फरक इतकाच की त्या सीटवर आधीपासून कोणीतरी बसलेलं होतं.

राज्यकर्त्यांना आणि समाजसेवकांना हे चांगलं ठाऊक होतं. १७८८ ते १८६८ या काळात ऑस्ट्रेलियात सुमारे १,६२,००० कैदी पाठवले गेले, त्यांत बायका सहा-सातांत एक. पुरुषांच्या त्या धुमश्चक्रीला वळण लावायचं कसं? समाजसेविका कॅरोलिन चिशोम यांनी १८४७ च्या एका पुस्तिकेत लिहिलं की पाद्री आणि शाळामास्तर कितीही पाठवा, बायका आणि लहान मुलं या 'देवाच्या पोलिसां'वाचून उपयोग नाही. या बाईंचा भारताशी संबंध आहे. ऑस्ट्रेलियात जाण्यापूर्वी, १८३४ मध्ये, त्यांनी मद्रासला युरोपीय सोल्जरांच्या मुलींसाठी शाळा काढली होती. पुढे ऑस्ट्रेलियाच्या पाच डॉलरच्या नोटेवर त्यांचं चित्र आलं. बायको म्हणजे वसाहतीचा पाया, हे धोरण असं उघडपणे मांडलेलं होतं. कथा-कादंबऱ्यांनी त्याला चेहरा दिला.

एक कथा जवळून

'द ड्रोव्हर्स वाइफ' २३ जुलै १८९२ ला सिडनीच्या 'द बुलेटिन' साप्ताहिकात आली. लॉसन तेव्हा पंचवीस वर्षांचा होता. कथानक चार ओळींत मावतं. दोन खोल्यांचं घर, त्याला लागून झाडाच्या सालीचं भलंमोठं स्वयंपाकघर. भोवती सपाट, एकसुरी झाडोरा. जवळची वस्ती १९ मैलांवर, तीही रस्त्यावरचा दारूचा गुत्ता. एका संध्याकाळी पाच फुटी काळा साप घराखाली शिरतो. घरात बाई, चार मुलं आणि अॅलिगेटर नावाचा कुत्रा. बाई रात्रभर जागते, पहाटे साप मारते.

घराची बांधणी कळल्याशिवाय या रात्रीची भीती कळत नाही. झाडाचे ओंडके उभे चिरून त्यांच्या फळ्या एकमेकींना लावून भिंती केलेल्या, छपराला स्ट्रिंगीबार्क झाडाची साल. घराची जमीनही फाडलेल्या फळ्यांचीच, म्हणजे फटी आल्या आणि खाली पोकळी आली. साप त्या पोकळीत आहे आणि कुठल्याही फटीतून वर येऊ शकतो. स्वयंपाकघराची जमीन मात्र मातीची. म्हणून ती मुलांना तिकडे नेते आणि टेबलावर झोपवते. हातात हिरवी ओली काठी, शेजारी शिवणाची टोपली आणि 'यंग लेडीज जर्नल'चा अंक. त्या अंकातली फॅशनची चित्रं बघणं हाच तिचा विरंगुळा. लेखकाला तिची कीव येते, आणि तो ते लपवत नाही.

रात्रभर तिला जुनं आठवत राहतं, आणि खरी कथा त्या आठवणींत आहे. दुष्काळात नवऱ्याचा कळप बुडाला आणि तो पुन्हा ड्रोव्हर झाला. एकदा वणवा आला, तेव्हा नवऱ्याची जुनी विजार चढवून ती हिरव्या फांदीनं आग झोडपत राहिली. पुरात नवऱ्यानं बांधलेलं धरण वाचवायला रात्रभर पावसात खपली, धरण फुटलंच. गुरांना फुफ्फुसाचा रोग लागला. पिसाळलेल्या बैलानं घराला दिवसभर वेढा घातला, तर तिनं गोळ्या घरीच ओतून फटीतून जुन्या बंदुकीनं त्याला मारलं, सोललं आणि कातड्याचे १७ शिलिंग ६ पेन्स मिळवले. एक मूल ती एकटी असताना गेलं. त्याला घेऊन ती मदतीसाठी १९ मैल घोड्यावर गेली.

व्यवहारसुद्धा लॉसन सोडत नाही. महिन्यातून एकदा दीर सामान घेऊन येतो. तिच्या उरलेल्या मेंढ्यांतली एखादी कापतो, तिला हवं तेवढं मटण देतो आणि बाकीचं सामानाच्या बदल्यात घेऊन जातो. परका भटक्या दाराशी आला की ती ठोकून देते, नवरा आणि दोन मुलगे धरणाखाली कामाला गेलेत. दर रविवारी मुलांना नीटनेटकं करून, जुनी बाबागाडी ढकलत ती त्या निर्मनुष्य पायवाटेवर फिरायला जाते. शहरातल्या रस्त्यावर निघावं इतकी तयारी करून. भेटायला कोणी नसतं. माझ्या मते अख्ख्या कथेत सापापेक्षा हा रविवार जास्त अंगावर येतो.

आता तिच्या शत्रूंकडे बघा: साप, वणवा, पूर, दुष्काळ, रोग, बैल, कावळे, आगंतुक. 'ही जमीन माझी आहे' असं म्हणणारा यांत कोणी नाही. भांडण सगळं निसर्गाशी. आणि निसर्गाशी झगडून जो टिकला त्याचा हक्क सिद्ध झाला, असं वाचकाला न सांगता पटून जातं. नवऱ्याची गैरहजेरी, मैलांत मोजलेलं एकटेपण, संकटांची माळ, आणि हे सगळं बघणारा अकरा वर्षांचा मुलगा. या चार गोष्टी जमल्या की हक्काचा कागद न दाखवताही जमीन त्या कुटुंबाची वाटू लागते.

ओढ्याकाठी कोण राहत होतं?

पण लॉसन चांगला लेखक होता, त्यामुळे त्याच्या कथेला फटी आहेत.

धाकट्या दोघांपैकी एकाच्या बाळंतपणात ती तापानं फणफणलेली, एकटी. नवरा दारू प्यालेल्या डॉक्टरला जबरदस्तीनं आणायला गेलेला. दारातून किंग जिमी नावाचा मूळनिवासी माणूस डोकावतो, प्रसंग ओळखतो आणि आपल्या बायकोला आणतो म्हणतो. ती खाली ओढ्यापाशी आहे. काळी मेरी येते आणि बाळंतपण निभावून नेते.

इथं जरा थांबावं. सगळ्यात जवळची वस्ती १९ मैलांवर होती ना? मग ओढ्याकाठी हाकेच्या अंतरावर कोण राहत होतं? कथेच्या मोजपट्टीत ही माणसं बसतच नाहीत. मेरीचे उपकार मानतानाही लॉसन तिला सगळ्यांत 'गोरी' ठरवतो, आणि तिच्यासाठी तेव्हाचा अपमानकारक शब्द वापरतो. एवढं करून मेरीच्या वाट्याला कथेत एक वाक्यही बोलायला नाही.

दुसरी फट लाकडांच्या ढिगाची. तिनं आदल्या दिवशी एका मूळनिवासी माणसाकडून लाकडं रचून घेतलेली असतात. ढीग मोठा बघून खूश होऊन त्याला जास्तीची तंबाखूही दिलेली असते. सापाच्या रात्री ती एक ओंडका ओढते आणि अख्खा ढीग कोसळतो. आतून पोकळ रचलेला. ती रडते. लॉसन सांगतो, तो माणूस आपल्या जमातीतला शेवटचा होता, आणि राजा होता. पण ढीग त्यानं पोकळ रचला होता.

भोळा वाचक म्हणेल, बघा, फसवलं बिचारीला. पण हेच वाक्य उलटीकडून वाचा. एका मुलुखाचा राजा थोड्याशा तंबाखूवर लाकडं रचतो आहे, आणि त्याच्या जमातीत दुसरं कोणी उरलेलं नाही. बाकीचे गेले कुठे? कथा विचारत नाही. तिच्या आतून पोकळ असलेली जागा नेमकी हीच, असं अनेक अभ्यासक मानतात, आणि मला ते पटतं. लॉसनला हे कितपत उमगलं होतं, यावर भांडत बसण्यात अर्थ नाही. वाक्य तिथं आहे, हे पुरेसं.

चिनी मातीची मेंढपाळीण

'लिटल हाउस'ची लेखिका लॉरा इंगल्स वाइल्डर ही लॉसनच्याच वर्षी, १८६७ मध्ये जन्मली. पुस्तक मात्र १९३५ चं, म्हणजे आठवणींवर पुष्कळ हात फिरल्यानंतरचं. यातली आई ड्रोव्हरच्या बायकोपेक्षा मृदू आहे. घर बांधताना ओंडका निसटून तिच्या पायावर पडतो, तरी ती आधी म्हणते काही झालं नाही. मक्याच्या पावावर ती तळहाताचा ठसा उमटवते, आणि बाबा म्हणतात मला दुसरं गोड काही नको. फायरप्लेस बांधून झाली की तिच्यावरच्या फळीवर ती चिनी मातीची नाजूक मेंढपाळीण ठेवते. तेव्हा कुठे ते घर होतं.

ते घर कॅन्ससमध्ये ओसेज लोकांच्या राखीव जमिनीवर होतं, आणि इंगल्स कुटुंब तिथं १८६९ ते १८७१ या काळात होतं. होमस्टेड कायदा त्या जमिनीला लागू नव्हता. साध्या मराठीत अतिक्रमण. ओसेज पुरुष घरात येतात, खायला मागतात, बाबांची तंबाखू नेतात, तेव्हा आई घाबरत घाबरत त्यांना पाव भाजून देते. घर तिचं, पाहुणे आगाऊ, अशी त्या प्रसंगाची मांडणी आहे. कोण कोणाच्या अंगणात बसलं आहे, हा प्रश्न त्या पावाच्या वासात विरून जातो. थोड्याच काळात ओसेज लोकांना तिथून जावं लागलं आणि ती जमीन एकरी सव्वा डॉलरनं गोऱ्यांना विकली गेली.

पुस्तकाच्या पहिल्या आवृत्तीत त्या मुलुखाचं वर्णन करताना लिहिलं होतं की तिथं माणसं नव्हती, फक्त इंडियन, म्हणजे अमेरिकेतले मूळनिवासी, राहत होते. १९५२ मध्ये एका वाचकानं पत्र लिहून हे दाखवून दिलं, आणि मग प्रकाशकानं 'माणसं'च्या जागी 'सेटलर' केलं. सतरा वर्षं ते वाक्य तसंच छापलेलं होतं.

"पण ती स्वतःच तर पिचलेली होती ना?"

होती, आणि हे कोणी नाकारत नाही. कष्ट तिचे, पण जमीन बहुतेक वेळा नवऱ्याच्या नावावर. कॅनडात विवाहित बाईला स्वतःच्या नावानं होमस्टेड मिळतच नव्हतं. कुटुंबाची एकटी कर्ती असेल, म्हणजे साधारणपणे पदरी मुलं असलेली विधवा, तरच. अमेरिकेत अविवाहित आणि विधवांना अर्ज करता येई, पण नवरा असलेलीला सहसा नाही. खत, पाणी, राखण तिची, सातबारा त्याचा. हे आपल्याला नवीन नाही.

मात्र पिचलेली असणं आणि दुसऱ्याला विस्थापित करणाऱ्या व्यवस्थेचा भाग असणं, या दोन्ही गोष्टी एकाच बाईच्या बाबतीत खऱ्या असतात. मताधिकाराचा १९०२ चा ऑस्ट्रेलियन कायदा बघा. या एकाच कायद्यानं गोऱ्या बायकांना संसदेसाठी मत दिलं आणि ऑस्ट्रेलिया, आशिया, आफ्रिकेतल्या मूळच्या लोकांना, काही अपवाद सोडता, वगळलं. त्या वगळलेल्यांत भारतातून तिकडे गेलेले फेरीवाले, उंटवाले, मजूरही होते. ब्रिटिश हिंदी प्रजेला हा हक्क १९२५ ला मिळाला. मूळनिवासी लोकांना सरसकट मिळायला १९६२ उजाडलं. ड्रोव्हरची बायको आणि काळी मेरी खऱ्या असत्या, तर एकीला मत मिळाल्यावर दुसरीला आणखी साठ वर्षं थांबावं लागलं असतं.

"कसेल त्याची जमीन, मग यांची का नाही?"

मराठी वाचकाच्या मनात हा प्रश्न येणारच. आपल्या कूळ कायद्यानं १ एप्रिल १९५७ ला कुळांना जमिनीचं मालक केलं, ते याच तत्त्वावर. पण तिथं कसणारा पिढ्यान्पिढ्या जमिनीवर होता आणि कागद दुसऱ्याकडे होता. ऑस्ट्रेलियात उलट झालं: जमिनीवर असलेल्याला हटवून नव्यानं आलेल्याला कागद मिळाला.

"पण ते लोक शेती कुठे करत होते?" हाही जुना युक्तिवाद. मूळनिवासी लोक ठरावीक ऋतूत, ठरावीक पट्ट्यांत गवत जाळत, म्हणजे कोवळा चारा फुटे आणि कांगारू तिथं येत. व्हिक्टोरियाच्या माळांवर बायका काठीनं माती उकरून मुर्नाँग नावाचे कंद काढत, आणि त्या उकरण्यानं माती भुसभुशीत राही. सेटलरांच्या मेंढ्यांनी ते कंद थोड्याच वर्षांत मुळासकट फस्त केले. म्हणजे बाईच्या कष्टांवरच हक्क ठरवायचा, तर तिथं आधीपासून बायका कष्ट करतच होत्या. त्यांच्या कष्टांवर 'कणखर स्त्री' अशी कथा कोणी लिहिली नाही, इतकंच. ही जमीन कोणाचीच नव्हती हा कायदेशीर समज ऑस्ट्रेलियाच्या हायकोर्टानं, म्हणजे तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं, माबो खटल्यात मोडीत काढला तो ३ जून १९९२ ला. लॉसनची कथा छापून आली त्याला तेव्हा शंभर वर्षं होत होती.

"आजच्या चष्म्यातून जुनी पुस्तकं कशाला वाचायची?"

हा आक्षेप वजनदार वाटतो, पण त्या काळातल्या लोकांनाही दिसत होतं. १८३८ मध्ये ऑस्ट्रेलियात मायल क्रीक इथं किमान २८ मूळनिवासी माणसं, त्यांत बायका-मुलं, मारली गेली आणि त्याबद्दल सात गोऱ्यांना फाशी झाली. खटला गाजला होता. माहिती नव्हती असं नाही. सांगायचं नव्हतं.

खंबीर बायकोच्या चित्रालाही तेव्हाच उत्तर मिळालं होतं. बार्बरा बेंटन या ऑस्ट्रेलियन लेखिकेची एक कथा १८९६ मध्ये त्याच 'बुलेटिन'मध्ये काटछाट होऊन आली. पूर्ण रूपात ती 'द चोझन व्हेसल' या नावानं १९०२ च्या संग्रहात आली. मांडणी लॉसनचीच: झोपडी, एकटी बाई, तान्हं बाळ, लोकर कातरायला गेलेला नवरा. पण इथं घराभोवती फिरतो तो माणूस. बाई टेबलावर जेवण आणि आईचा ब्रोच, म्हणजे घरातली एकमेव मौल्यवान चीज, मांडून ठेवते. घ्यावं आणि जावं. तो भिंतीची सैल फळी शोधत राहतो. घोड्याची टाप ऐकून ती बाळाला घेऊन धावते. तो घोडेस्वार तिला कुमारी मेरीचा साक्षात्कार समजून पुढे निघून जातो. ती मारली जाते. कुत्रा नाही, काठी नाही, पहाट नाही. साप्ताहिकानं छापताना गाळला तो नेमका हा साक्षात्काराचा भाग. बाईला देवी करून ठेवलं की तिची हाक ऐकू येत नाही, हे बेंटन यांनी दाखवलं होतं, आणि संपादकांना तेच नको होतं. पुढे याच साप्ताहिकाच्या माथ्यावर 'ऑस्ट्रेलिया गोऱ्या माणसासाठी' हे ब्रीद आलं आणि १९६० पर्यंत राहिलं, हेही ध्यानात असू द्या.

आणि लॉसनची स्वतःची आई? लुइसा लॉसन मजी या गावाजवळच्या जमिनीच्या तुकड्यावर, नवरा कामानिमित्त बाहेर असताना, मुलं वाढवत होती. नंतर ती सिडनीला आली आणि १८८८ मध्ये 'द डॉन' हे बायकांचं मासिक काढलं, तेही बायकांनाच कंपोझिटर ठेवून. ते १९०५ पर्यंत चाललं. म्हणजे खऱ्या बाईनं माळावरून उठून छापखाना टाकला, आणि मुलाच्या कथेतली बाई कायम त्या झोपडीत बसून राहिली. राष्ट्राला दुसरी जास्त सोयीची होती.

मग वाचायचं कसं?

आधी लॉसन वाचा. कथेवर आता कॉपीराइट नाही, इंटरनेटवर फुकट मिळते आणि अर्ध्या तासात संपते. वाचताना पेन्सिल घेऊन तीन खुणा करा: एकटेपणा मैलांत किंवा महिन्यांत मोजला आहे तिथं एक, मूळनिवासी माणूस येतो तिथं दुसरी, आणि तो गेल्यावर लगेच पुढे काय येतं तिथं तिसरी. कोण अचानक उगवतं, मदत करतं किंवा फसवतं, आणि एका परिच्छेदात नाहीसं होतं, याचा नकाशाच तयार होतो. हीच पद्धत 'लिटल हाउस'ला लावली तर तिथंही चालते. शिवाय काय गाळलं आहे ते बघा. इंगल्स कुटुंबात १८७५ ला एक मुलगा जन्मला आणि दहाएक महिन्यांत गेला. वाइल्डरच्या या पुस्तकमालेत तो कुठेच नाही. लॉसनची बाई मेलेलं मूल घेऊन घोड्यावर बसते, वाइल्डरच्या आईला तेवढंही करायची मुभा नाही.

त्यानंतर लिआ पर्सेल यांच्याकडे वळा. या मूळनिवासी लेखिका-अभिनेत्रीनं ड्रोव्हरच्या बायकोवर २०१६ मध्ये नाटक केलं, २०१९ मध्ये कादंबरी लिहिली आणि २०२१ मध्ये सिनेमा केला, त्यात मुख्य भूमिकाही स्वतःच केली. लॉसननं बाईला नाव दिलं नव्हतं. पर्सेल यांनी दिलं, मॉली जॉन्सन. आणि तिची आई मूळनिवासी होती असं उघड होतं. ज्या रक्ताला ती घराबाहेर ठेवत होती ते तिच्याच अंगात निघतं. काहींना हा बदल ओढूनताणून केलेला वाटतो. पण सेटलर वस्त्यांमध्ये अशी नाती सर्रास होती आणि तितक्याच सर्रास लपवली जात होती, तेव्हा इतिहासाशी तो फारकत घेत नाही.

बेंटन यांची कथा या दोघांच्या मध्ये कुठेही बसवा. रात्री घरात एकटं असताना मात्र नको.